एकेरीत ७३वा क्रमांक आणि तरीही हॉल ऑफ फेम: लिअँडर पेसची कारकीर्द समजून घेताना

चवथीचे दिवस सरले की गोव्यातील उघडी टेनिस कोर्ट पुन्हा जागी होऊ लागतात. जूनपासून कोसळणाऱ्या पावसाने सिमेंटवर चढलेले शेवाळ घासून काढावे लागते, रेषा नव्याने रंगवाव्या लागतात आणि जाळी दमट हवेत कुजली असेल तर तीही बदलावी लागते. फोंडा परिसरातील अशाच एका कोर्टवर मी शाळकरी मुलांना टेनिस शिकवतो. गेल्या हंगामात तिथे तेरा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "सर, लिअँडर पेस एकेरीत ७३व्या क्रमांकाच्या वर कधी गेलाच नाही, मग त्याला हॉल ऑफ फेममध्ये कसे घेतले?" हॉल ऑफ फेम म्हणजे टेनिसमधील थोर कारकिर्दींचा आंतरराष्ट्रीय सन्मान, तेव्हा प्रश्न अगदी रास्त होता. मी तेव्हा दिलेले उत्तर मात्र घाईचे आणि अपुरे होते, कारण या प्रश्नात टेनिसची क्रमवारी, दुहेरीचा वेगळा खेळ, ऑलिम्पिक आणि देशादेशांत खेळला जाणारा डेव्हिस चषक अशा कितीतरी गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्या एकेक करून सोडवल्या, तरच ही कारकीर्द नीट दिसते.

गोव्यात पेस या नावाबद्दल आपुलकी आहे आणि ती स्वाभाविक आहे. लिअँडरचे वडील डॉ. वेस पेस यांचा जन्म गोव्याचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते आणि पुढे क्रीडावैद्यक क्षेत्रात त्यांनी मोठे काम केले. आई जेनिफर या बास्केटबॉलपटू आणि भारतीय संघाच्या कर्णधार. लिअँडरचा जन्म १७ जून १९७३ रोजी कोलकात्यात झाला आणि तो तिथेच वाढला. २०२१ मध्ये त्याने गोव्यात येऊन राजकारणात प्रवेश केला, तेव्हाही आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतांशी त्याच्या मुळांची, गावाची आणि आडनावाची. कोर्टवर त्याने नेमके काय केले याविषयी मात्र आपण फार कमी बोलतो, आणि त्याची खरी मोठेपणाची जागा तीच आहे.

आधी त्या ७३ या आकड्याकडे पाहू. व्यावसायिक टेनिसची क्रमवारी ही गुणांची वही असते. खेळाडूने गेल्या ५२ आठवड्यांत ज्या मान्यताप्राप्त स्पर्धा खेळल्या, त्यांत तो जितका पुढे गेला त्यानुसार गुण मिळतात, आणि वर्ष उलटले की ते गुण गळून पडून त्यांच्या जागी नवे यावे लागतात. म्हणजे एखाद्या दिवशी जगज्जेत्याला हरवणे हा या वहीत फारसा मोठा प्रसंग नसतो; आठवड्यामागून आठवडे, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पृष्ठभागांवर दोन-तीन फेऱ्या सातत्याने जिंकत राहणाऱ्याला ती वर नेते. पहिल्या शंभरांत असलेल्या खेळाडूला ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, १२८ जणांच्या मुख्य फेरीत सहसा थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे ७३वा क्रमांक हा हिणवण्यासारखा मुळीच नाही. एकेरी आणि दुहेरी यांच्या वह्या वेगळ्या असतात. मिश्र दुहेरीची तर वहीच नाही; तिथे ग्रँड स्लॅम जिंकले तरी क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही.

आता यातली सर्वांत महत्त्वाची बाब. पेसच्या उमेदीच्या काळात, म्हणजे १९९० च्या दशकात, डेव्हिस चषकातील विजयांना क्रमवारीचे गुण मिळत नसत, आणि १९९६ च्या ऑलिम्पिकमधील सामन्यांनाही मिळत नव्हते. त्याच्या एकेरीतील बहुतेक मोठे विजय नेमके याच दोन ठिकाणी आले. जे त्याने उत्तम केले ते मोजलेच गेले नाही आणि जे मोजले गेले त्यात तो मध्यम राहिला, अशी ही परिस्थिती आहे. म्हणून ७३ हा आकडा खरा असला, तरी त्यावरून या माणसाची उंची काढणे म्हणजे फक्त गणिताच्या गुणांवरून गायकाची पारख करण्यासारखे आहे.

दुसरी गुंतागुंत दुहेरीची. अनेकांना वाटते की दुहेरी म्हणजे एकेरीच, फक्त बाजूला मदतीला एक जण जास्त. प्रत्यक्षात तो जवळजवळ वेगळा खेळ आहे, आणि हे कोर्टच्या मापांवरून लगेच कळते. कोर्टची लांबी २३.७७ मीटर असते, एकेरीत रुंदी ८.२३ मीटर आणि दुहेरीत १०.९७ मीटर. म्हणजे दुहेरीत कोर्ट सुमारे तिसऱ्या हिश्शाने रुंद होते, पण ते राखणारी माणसे दुप्पट होतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेपाच मीटरची पट्टी येते. एवढ्या पट्टीत दोन-तीन पावलांत कोणीही पोहोचतो, त्यामुळे एकेरीत हमखास गुण मिळवून देणारा फटका, म्हणजे प्रतिस्पर्ध्यापासून दूर कोपऱ्यात मारलेला जोरकस चेंडू, इथे सहज परत येतो. मोकळी जागा आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. प्रतिस्पर्ध्यांच्या पायाशी चेंडू ठेवणे, दोघांच्या मधून काढणे, किंवा एकाला खाली वाकायला लावून त्याचा वर उचललेला चेंडू जाळीजवळ ठोकणे, या त्याच्या वाटा आहेत.

जाळीजवळ काय होते हे मुलांना समजावताना मी एक साधा हिशेब सांगतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो. एकेरीत दोघेही बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेवर, असतील, तर मधले अंतर २४ मीटर असते, चेंडू टप्पा खाऊन थोडा मंदावतो आणि खेळाडूला विचार करून रॅकेट मागे नेण्याइतका सुमारे सेकंदभर वेळ मिळतो. जाळीपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या खेळाडूकडे बेसलाइनवरून तोच चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास येऊन धडकतो. आणि दुहेरीत चौघेही जाळीकडे धावून आले, समोरासमोरचे अंतर सहा मीटर उरले, तर ताशी ८० किलोमीटरचा चेंडूसुद्धा साधारण पाव सेकंदात येतो. पाव सेकंदात माणूस निर्णय घेत नाही. त्याने निर्णय आधीच घेतलेला असतो, समोरच्याच्या खांद्यावरून, रॅकेटच्या कोनावरून, त्याचा तोल कुठे आहे त्यावरून. हात फक्त तो अमलात आणतो.

हे एकदा पाहायचे असेल तर कोणत्याही नवशिक्याला जाळीजवळ उभे करावे. माझ्या त्या विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी प्रत्येक चेंडूला रॅकेट पाठीमागे नेले आणि प्रत्येक वेळी चेंडू तिला ओलांडून गेला. मी तिला कुंपणाच्या चिऱ्याच्या भिंतीला पाठ टेकवून उभे केले, म्हणजे रॅकेट मागे न्यायला जागाच उरली नाही. मग तिची रॅकेट छातीच्या पुढे स्थिर राहू लागली, मनगट घट्ट झाले आणि चेंडू आपोआप परत जाऊ लागले. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवणे, ती एवढीच: फटका मारायचा नाही, येणाऱ्या वेगाला दिशा द्यायची. मात्र हे भिंतीपाशी जमणे आणि विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ताणाखाली, पुढे झेपावताना, घोट्याच्या उंचीवर जमणे यांत आयुष्यभराचे अंतर आहे.

पेसची देणगी इथे होती. उंची सुमारे पावणेसहा फूट, म्हणजे टेनिसच्या मानाने बेताची. सर्व्हिस दणदणीत नव्हती, बेसलाइनवरचा बॅकहँड तर स्पष्टपणे दुबळा होता. तो बहुधा चेंडू कापून किंवा नुसता अडवून परत करत असे. पण पावले विलक्षण चपळ, नजर तेज आणि हात असे की जाळीजवळ चेंडू त्याच्या रॅकेटला चिकटून मग हवा तिथे जातो असे वाटावे. दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार जाळीजवळ उभा असतो आणि परतीचा फटका येताच तो आडवा झेपावून मधल्या मध्ये चेंडू हिसकावतो. या चालीत पेसच्या तोडीचे खेळाडू फार थोडे झाले. तो कधी निघेल हे परतीचा फटका मारणाऱ्याला कळत नसे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो प्रत्यक्षात निघाला नाही तरी निघेल या धास्तीने समोरचा नको तितक्या कडेला फटका मारायला जाई आणि चेंडू बाहेर घालवी. असे गुण कोणत्याही तक्त्यात त्याच्या नावावर दिसत नाहीत.

यासाठी दोघांत बोलणे लागते. गुण सुरू होण्यापूर्वी जाळीजवळचा खेळाडू पाठीमागे हाताने खुणा करतो, सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण कोणत्या बाजूला जाणार हे ठरते. कधी तो अगदी मधल्या रेषेवर, जाळीच्या उंचीखाली वाकून बसतो, म्हणजे तो डावीकडे उठेल की उजवीकडे याचा समोरच्याला अंदाजच येऊ नये. घुमट आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे या वाद्यांची लय जशी एकमेकांच्या हातांकडे बघून धरलेली असते, एकाने चाल वाढवली की दुसऱ्याला ती सांगावी लागत नाही, तसे चांगल्या जोडीचे चालते. फरक इतकाच की इथे समोर आणखी दोघे ती लय मोडायला उभे असतात.

अशा खेळाडूला एकेरीत मर्यादा का पडल्या, हे त्या काळाकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही. सर्व्हिस करून लगेच जाळीकडे धावायचे, ही टेनिसची जुनी शैली पेस व्यावसायिक झाला त्या १९९१ च्या सुमारास अजून जोरात होती. पण त्याच दशकाच्या उत्तरार्धात रॅकेटमध्ये पॉलिएस्टरच्या तारा आल्या. या तारांमुळे पूर्ण ताकदीने मारलेल्या चेंडूलाही इतकी फिरकी मिळू लागली की तो जाळीजवळच्या खेळाडूसमोर अचानक खाली बुडे. विम्बल्डननेही २००१ पासून गवताचे वाण बदलले, ते टणक झाले आणि चेंडू अधिक उंच व भरवशाचा उसळू लागला. बेसलाइनवरचे खेळाडू या बदलांनी बलवान झाले. भक्कम बॅकहँड नसलेल्या, जाळीवर जगणाऱ्या माणसासाठी एकेरीत जागा आक्रसत गेली. दुहेरीत मात्र जाळीची किंमत टिकून राहिली. पेसने ते वेळेवर ओळखले, हे मला त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

सुरुवात मात्र एकेरीच्याच स्वप्नाने झाली होती. १९८५ मध्ये तो मद्रासच्या ब्रिटानिया अमृतराज टेनिस अकादमीत दाखल झाला. १९९० मध्ये त्याने विम्बल्डनची ज्युनियर एकेरी जिंकली, पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनची ज्युनियर एकेरीही, आणि ज्युनियर गटात तो जगात पहिला झाला. त्यापूर्वी रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये आणि त्यांचे पुत्र रमेश यांनी १९७९ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे भारतीय टेनिसच्या अपेक्षा त्याच्यावर एकवटल्या.

ऑलिम्पिकची कथा इथूनच सुरू होते. १९९२ मध्ये बार्सिलोनात पेस आणि रमेश कृष्णन या जोडीने दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्या वेळी टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक देत असत, म्हणजे आणखी एक सामना जिंकला असता तर पदक निश्चित होते. तो सामना क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविच आणि गोरान प्रपिच यांनी जिंकला. चार वर्षांनी अटलांटात नियम बदललेला होता आणि कांस्यपदकासाठी आता वेगळा सामना खेळावा लागणार होता. पेस तेव्हा जागतिक क्रमवारीत सव्वाशेच्या आसपास होता आणि त्याला वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास प्रवेशावर, एकेरीत स्थान मिळाले होते. त्याने वाटेत स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टसारख्या वरच्या खेळाडूला हरवले आणि उपांत्य फेरीत आंद्रे आगासीसमोर उभा राहिला. आगासीने ७-६, ६-३ असा विजय मिळवला आणि पुढे सुवर्णही जिंकले.

३ ऑगस्ट १९९६ रोजी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या फर्नांडो मेलिगेनीने पहिला सेट ६-३ असा घेतला. पेसच्या मनगटाला दुखापत झालेली होती. मातीवर वाढलेला मेलिगेनी बेसलाइनवर लांब रॅली खेळणारा, म्हणजे पेससाठी सर्वांत त्रासदायक प्रकारचा खेळाडू. लांब रॅली त्याला परवडणारी नव्हती, तेव्हा मिळेल त्या चेंडूवर पुढे येऊन गुण लवकर संपवणे हाच मार्ग उरला होता. पुढचे दोन सेट त्याने ६-२, ६-४ असे जिंकले. भारताला वैयक्तिक खेळात ऑलिम्पिक पदक मिळाले ते १९५२ नंतर प्रथमच. त्याआधीचे पदक कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत कुस्तीत आणले होते. मधल्या ४४ वर्षांत हॉकी वगळता आपली पाटी कोरी होती. आज नेमबाजी, बॅडमिंटन, कुस्ती, भालाफेक यांत पदके येतात, त्यामुळे तेव्हा तो एक कांस्य तुकडा काय होता याची कल्पना नव्या मुलांना येणे कठीण आहे, आणि मी दरवर्षी ते तळमळीने सांगतो. या संपूर्ण आठवड्याचे क्रमवारीत मिळालेले गुण: शून्य.

डेव्हिस चषकाचेही तसेच. ही देशादेशांतील सांघिक स्पर्धा. पूर्वी एका लढतीत तीन दिवसांत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने होत, प्रत्येक पाच सेटपर्यंतचा. छोट्या चमूच्या देशात एकच खेळाडू शुक्रवारी एकेरी, शनिवारी दुहेरी आणि रविवारी पुन्हा एकेरी खेळत असे. पेसने १९९० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी झीशान अलीच्या साथीने जपानविरुद्ध पदार्पण केले. १९९३ मध्ये भारताने फ्रान्सला त्यांच्याच मातीच्या कोर्टवर, फ्रेजूस येथे, ३-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे पेसने आर्नो बोएच आणि आंरी लकाँत या दोघांवरही मात केली. १९९५ मध्ये दिल्लीत गवताच्या कोर्टवर क्रोएशियाविरुद्ध तो इव्हानिसेविचशी पहिले दोन सेट हरला. इव्हानिसेविच म्हणजे तोवर दोनदा विम्बल्डनची अंतिम फेरी खेळलेला आणि जगातील सर्वांत भेदक सर्व्हिसपैकी एक असलेला डावखुरा. पेसने पुढचे तिन्ही सेट जिंकले. स्टेडियममधले लोक, पाठीवरचे देशाचे नाव आणि लांब चालणारा सामना, या तिन्ही गोष्टी त्याला बळ देत असत. तीच ऊर्जा एखाद्या दूरच्या शहरात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, मंगळवारच्या पहिल्या फेरीत त्याला क्वचितच सापडली. चाहत्याला हे कौतुकाचे वाटते, प्रशिक्षक म्हणून मला ती उणीवही दिसते.

एकेरीचे त्याचे सर्वोत्तम वर्ष १९९८. जुलैत अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला गवतावर त्याने आपले एकमेव एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतील, एकेरी विजेतेपद मिळवले, ऑगस्टमध्ये न्यू हेवनला त्या वर्षीच्या विम्बल्डन विजेत्या पीट सॅम्प्रसला ६-३, ६-४ असे सरळ सेटमध्ये हरवले आणि त्याच महिन्यात तो ७३व्या क्रमांकावर पोहोचला.

मग १९९९. महेश भूपती आणि पेस ही जोडी त्या एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत ते हरले, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले, आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेले. भूपतीकडे भारी सर्व्हिस आणि बॅकहँडचा नेमका परतीचा फटका होता, म्हणजे पेसकडे जे नव्हते ते. पेसकडे जाळीवरचे हात होते. एकाने गुण उघडायचा आणि दुसऱ्याने मिटवायचा. डेव्हिस चषकात या दोघांनी दुहेरीचे सलग २४ सामने जिंकले, आणि तो त्या स्पर्धेतील विक्रम आहे. पुढे त्यांच्यात दुरावा आला, जोडी तुटली, जुळली, पुन्हा तुटली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपूर्वी जोडीदार निवडीचा वाद चव्हाट्यावर आला. त्या वादात कोण किती चुकले यावर मी इथे लिहिणार नाही. इतके मात्र नोंदवावेसे वाटते की दोघे चांगल्या मनाने आणखी काही वर्षे एकत्र राहिले असते, तर भारताला दुहेरीचे ऑलिम्पिक पदक मिळण्याची मोठी शक्यता होती. २००४ मध्ये अथेन्सला ते त्याच्या अगदी दारात पोहोचले होते. कांस्यपदकाच्या सामन्यात क्रोएशियाच्या मारिओ आंचिच आणि इव्हान ल्युबिचिच यांनी त्यांना ७-६, ४-६, १६-१४ असे हरवले. तिसऱ्या सेटचा तो आकडा आजही वाचवत नाही.

जोडीदार बदलावे लागणे ही दुहेरीतल्या खेळाडूची नित्याची अडचण असते. जोडीदार जखमी होतो, एकेरीवर लक्ष देतो, क्रमवारीत घसरतो. एकेरीच्या तुलनेत बक्षिसाची रक्कम कमी, आणि तीही दोघांत वाटायची. पेस आपल्या कारकिर्दीत शंभराहून अधिक जोडीदारांसोबत खेळला. यांतील मोलाची गोष्ट अशी की तो वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांबरोबर जिंकला: २००६ मध्ये मार्टिन डॅमबरोबर अमेरिकन ओपन, २००९ मध्ये लुकाश द्लोहीबरोबर फ्रेंच आणि अमेरिकन ओपन, २०१२ मध्ये राडेक स्टेपानेकबरोबर अंतिम फेरीत ब्रायन बंधूंना हरवून ऑस्ट्रेलियन ओपन, आणि त्याच जोडीदाराबरोबर २०१३ मध्ये चाळिसाव्या वर्षी पुन्हा अमेरिकन ओपन. भूपतीबरोबरची तीन विजेतेपदे, म्हणजे १९९९ ची दोन आणि २००१ चे फ्रेंच ओपन, धरून पुरुष दुहेरीची एकूण आठ ग्रँड स्लॅम होतात. डॅम, द्लोही आणि स्टेपानेक हे तिघेही झेक. जाळीवरचा खेळ लहानपणापासून शिकवणाऱ्या त्या परंपरेशी पेसचे सूर जुळले, असे मला वाटते.

या वाटचालीत २००३ चे वर्ष वेगळे थांबून पाहावे लागते. त्या वर्षी त्याने मार्टिना नवरातिलोवाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन अशी दोन मिश्र दुहेरी विजेतेपदे जिंकली. विम्बल्डनचे ते नवरातिलोवाचे विसावे विजेतेपद, ज्याने तिने बिली जीन किंगच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि तेव्हा ती ४६ वर्षांची होती. त्यानंतर काही आठवड्यांतच पेसला अमेरिकेत रुग्णालयात दाखल करावे लागले. मेंदूत गाठ असल्याची भीती होती. तपासाअंती तो परजीवी जंतूंमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा आजार निघाला. उपचारांनी तो बरा झाला आणि पुढच्याच वर्षी अथेन्सला खेळला. त्याची अर्ध्याहून अधिक ग्रँड स्लॅम विजेतेपदे या आजारानंतरची आहेत.

मिश्र दुहेरीत त्याची दहा विजेतेपदे आहेत, लिसा रेमंड, नवरातिलोवा, कॅरा ब्लॅक आणि मार्टिना हिंगिस यांच्यासह. हिंगिसबरोबर २०१५ मध्ये एकाच वर्षात ऑस्ट्रेलियन ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, आणि २०१६ मध्ये फ्रेंच. एकूण अठरा.

या अठराच्या आकड्याबाबत प्रामाणिक राहायला हवे, कारण आपल्याकडे तो आकडा एकेरीतील अठरांच्या शेजारी ठेवण्याची सवय आहे. एकेरीचे आघाडीचे खेळाडू ग्रँड स्लॅममध्ये सहसा दुहेरी खेळत नाहीत. पाच सेटचे सात सामने जिंकण्यासाठी त्यांना शरीर राखून ठेवावे लागते. दुहेरीत विजेतेपदाला सहा सामने लागतात आणि पेसच्या काळात बहुतेक ठिकाणी ते तीन सेटचे असत. म्हणून पेसची तुलना फेडररशी करू नये. ती ब्रायन बंधू, टॉड वूडब्रिज, डॅनिएल नेस्टर अशा दुहेरीच्या दिग्गजांशी करावी, आणि त्या रांगेत तो मानाने उभा राहतो. त्या रांगेतील इतरांपेक्षा त्याच्याकडे जे जास्त आहे ते म्हणजे एकेरीतील ऑलिम्पिक पदक, आणि १९९२ पासून २०१६ पर्यंत सलग सात ऑलिम्पिक. टेनिसमध्ये एवढी ऑलिम्पिक दुसऱ्या कोणीही खेळलेली नाहीत.

हॉल ऑफ फेमची निवड करणारे क्रमवारीची वही समोर ठेवून बसत नाहीत. ते पूर्ण कारकीर्द पाहतात. पेसच्या बाबतीत त्यांच्यासमोर दुहेरीतील पहिला क्रमांक होता, पुरुष आणि मिश्र दुहेरी या दोन्हींत चारही ग्रँड स्लॅम जिंकण्याची कामगिरी होती, १९९९ पासून २०१५ पर्यंत तीन दशकांत पसरलेली विम्बल्डन विजेतेपदे होती, आणि डेव्हिस चषकातील दुहेरीच्या विजयांचा विक्रम होता. हा शेवटचा विक्रम इटलीच्या निकोला पिएत्रांजेली यांच्या नावावर, ४२ विजयांचा, कित्येक दशके होता. २०१८ मध्ये चीनमधील तिआंजिन येथे रोहन बोपण्णाच्या साथीने ४३वा विजय मिळवून पेसने तो मोडला.

२०२० हे आपले अखेरचे वर्ष असेल असे त्याने जाहीर केले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाग्रेबला बोपण्णाबरोबर त्याने क्रोएशियाच्या माते पाविच आणि फ्रँको श्कुगोर यांना हरवले. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. त्यानंतर काही दिवसांतच कोविडमुळे जगभरचे टेनिस बंद पडले आणि आठव्या ऑलिम्पिकची आशा तिथेच थांबली.

२० जुलै २०२४ रोजी त्याचा आणि विजय अमृतराज यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. आशियातून तिथे पोहोचलेले हे पहिले पुरुष खेळाडू. हॉल ऑफ फेमची वास्तू न्यूपोर्टमध्ये आहे, आणि १९९८ मध्ये पेसने एकेरीचे आपले ते एकमेव विजेतेपद मिळवले, ते गवताचे कोर्ट त्याच आवारात आहे.